सात पाचे पस्तीस

८ सप्टेंबर

डायरी लिहायची मला सवय नाही. मैदानावरच्या माणसानं शिट्टी फुंकावी, लिहीत बसू नये, असं माझं मत. ही डायरी जानेवारीपासून कपाटात कोरी पडून होती. पण आज जे झालं ते स्टाफरूममध्ये सांगायची सोय नाही, आणि पोटात ठेवलं तर भाकरी गोड लागायची नाही.

आमचे गणिताचे अमरेश सर शनिवारी होटगी रोडला गाडीवरून पडले. पाय प्लास्टरमध्ये, दोन महिने घरी. आज प्रार्थना संपल्या संपल्या मुख्याध्यापिका महेश्वरी मॅडमनी मला बोलावलं. मला वाटलं, खो-खोच्या मुलींच्या किटचं काहीतरी असेल. मॅडम म्हणाल्या, "मानसिंग सर, नववी ब चं गणित तुम्ही घ्या."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मी क्रीडाशिक्षक. दहावीला गणितात काठावर सुटलो, तेव्हा नातेपुत्यात आमच्या आईनं पेढे वाटले होते. हे मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अ तुकडी मी घेतेय. ब ला दुसरं कोण आहे ते तुम्हीच सांगा." मग चष्मा काढून म्हणाल्या, "संस्थेचा यंदाचा नियम लक्षात आहे ना? सामाईक चाचणीत जो गणितात नापास, तो कुठल्याही स्पर्धेला बाहेरगावी जाणार नाही."

हे ऐकल्यावर माझं हसू गेलं. आमचा मुलींचा संघ यंदा जिल्ह्यात पहिला आलाय. ऑक्टोबरात बारामतीला विभागीय स्पर्धा, तिथून राज्याचा संघ निवडणार. माझ्या पाच मुली नववी ब मधल्या आणि त्यांत धनलक्ष्मी, आमची कर्णधार. तिचे वडील निंगप्पा मला स्पष्ट म्हणालेत, "सर, औंदा राज्यात निवड झाली तर खेळू दे. न्हाई झाली तर बास झालं पळणं." म्हणजे तिला हे एकच वर्ष आहे. गणितात गेली तर बारामती गेली, आणि बारामती गेली तर खेळ गेला.

शिवाय माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं डिसेंबरात भरतात. कायम करायचं की नाही, तो अहवाल मॅडमच लिहिणार. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथं हरी कोण आणि गाढव कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी हो म्हणालो.

९ सप्टेंबर

धडा बहुपदींच्या गुणाकाराचा. काल घरी पुस्तक उघडलं. (x + ३)(x + ५). मला वाटलं, सोपं आहे. x ला x नं गुणायचं, तीनला पाचनं. x² + १५. मग खाली उत्तर बघितलं तर मध्ये ८x. हे आठ कुठून उपटले कळेना.

वर्गात जाऊन सगळ्यांना धडा मनात वाचायला सांगितला आणि खिडकीशी उभा राहिलो. चाळीस पोरं आणि एक मास्तर, सगळे एकाच पानावर अडकलेले. फक्त त्यांना ते लपवावं लागत नव्हतं.

सुट्टीत अमरेश सरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, वितरणाचा नियम. पहिल्या कंसातल्या प्रत्येक पदानं दुसऱ्या कंसातल्या प्रत्येक पदाला गुणायचं. एकालाही सोडायचं नाही." एवढं सांगून ते हसायला लागले. शेजारी त्यांच्या घरातलं कुणीतरी होतं, त्यांनाही सांगितलं, "खो-खोचे सर बहुपदी शिकवतायत." तेही हसले.

परत फोन करायचा नाही, असं मी ठरवलं आहे. पाय मोडलेल्या माणसानं एवढं हसू नये.

१२ सप्टेंबर

आज मजा आली. खोटं कशाला बोलू, तीन वर्षांत कुठल्या वर्गात एवढी आली नव्हती.

सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघ हात मिळवतात. प्रत्येक खेळाडू समोरच्या प्रत्येकाशी. आपल्याच संघातल्याशी कुणी हात मिळवत नाही, आणि समोरच्या एकालाही वगळून चालत नाही, वगळलं तर ते वाईट दिसतं. रिक्षातून शाळेत येताना हे डोक्यात आलं आणि मी मोठ्यानं हसलो. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

वर्ग मैदानावर काढला. चुन्यानं दोन कंस आखले. एका कंसात दोघं, एक x आणि एक ३. समोरच्या कंसात x आणि ५. म्हटलं, मिळवा हात. हात मिळवला की काय झालं ते ओरडून सांगायचं. x नं x शी मिळवला, "एक्स वर्ग." x नं पाचशी, "पाच एक्स." तीननं x शी, "तीन एक्स." तीननं पाचशी, "पंधरा." पाच एक्स आणि तीन एक्स एका जातीचे, ते एका जागी उभे राहिले, आठ एक्स. पुस्तकातले आठ कुठून आले ते पोरांबरोबर मलाही दिसलं.

मग तीन पदांचा कंस केला, चार पदांचा केला. अमृत म्हणून एक पोरगं आहे, सहामाही-वार्षिक कधी गणितात पास नाही. तो एका जागी अडला तेव्हा मागून तिघं ओरडली, "अरे, पाच ऱ्हायला की. पाचाशी हात मिळव." धनलक्ष्मी तर कंसाबाहेर उभी राहून पंच झाली होती, कोण कुणाला चुकलं ते बोट दाखवून सांगत होती.

१५ सप्टेंबर

मैदान बंद. आठवीच्या वर्गाला आवाजाचा त्रास होतो म्हणे. मॅडम म्हणाल्या, काय मिळवायचे ते हात वर्गात मिळवा.

मग मी बोटांवर आणलं. डाव्या हाताची बोटं म्हणजे पहिला कंस, उजव्याची दुसरा. डाव्याचं प्रत्येक बोट उजव्याच्या प्रत्येक बोटाला टेकवायचं आणि ओठांत पुटपुटायचं. आता चाळीस पोरं बाकावर बसून बोटं जुळवतात. लांबून जप चालल्यासारखं दिसतं. पण उत्तरं बरोबर येतात, आणि मला तेवढंच हवंय.

१८ सप्टेंबर

ऋण चिन्ह सुरू केलं. ज्या पदाला ऋण असेल ते बोट लाल. लाल पेनचा टिपका बोटाच्या टोकावर, म्हणजे मैदानावरचा लाल बंडी घातलेला गडी, बाकीचे पांढरे. पांढऱ्यानं लालशी हात मिळवला तर उत्तर लाल. आणि लालनं लालशी मिळवला तरी लालच. दोन लाल एकत्र आले म्हणून पांढरं कसं होईल? शिवाय मला आठवतंय, उणे तीन आणि उणे पाच मिळून उणे आठ. आमचे मास्तर म्हणायचे, ऋण आणि ऋण मिळून मोठं ऋण.

(x − ३)(x − ५) फळ्यावर केलं. x² − ८x − १५.

धनलक्ष्मीनं हात वर केला. "सर, पुस्तकात मागं अधिक पंधरा दिलंय."

मी म्हणालो, छापायची चूक असेल.

"पन सर, सातवीत सांगितलं हुतं की, ऋण गुणिले ऋण धन म्हणून."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. आठवड्याभरात या पोरांचा माझ्यावर विश्वास बसलाय, आणि पंचाचा निर्णय मैदानात बदलायचा नसतो. बदलला की पुढचा सामना हातातून गेला. मी म्हणालो, "सातवीचं सातवीत. हितं कंस आहेत. कंस आले की नियम वेगळा."

ती बसली. आणखी तीन उदाहरणं घेतली, सगळ्या वर्गाची उत्तरं तंतोतंत एक. अमृतचंसुद्धा.

२० सप्टेंबर

सरावात धनलक्ष्मी गप्प असते हल्ली. खुंटाला वळताना नेहमीसारखी झेप नाही. काय गं, बरं नाही का, विचारलं तर नाही म्हणाली. जाताना बूट घासत उभी राहिली आणि म्हणाली, "सर, परीक्षेत काय लिहायचं मग? पुस्तकातलं का तुमचं?"

मला रागच आला. "कर्णधार झालीस म्हणून मास्तरीण झालीस काय? मी सांगितलं तेच लिहायचं."

"व्हय सर," म्हणाली. ही पोरगी माझं कधी मोडत नाही. सहावीपासून मी उजवीकडे म्हटलं की उजवीकडे, डावीकडे म्हटलं की डावीकडे. म्हणून तर कर्णधार केली.

२९ सप्टेंबर

सामाईक चाचणी झाली. पर्यवेक्षक संस्थेच्या दुसऱ्या शाळेतले होते, आपल्याला वर्गाकडे फिरकायला बंदी. तरी पाणी प्यायच्या निमित्तानं व्हरांड्यातून गेलो. खिडकीतून दिसलं, अख्खी नववी ब बोटं जुळवत होती. लाल टिपकेही दिसले. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

नंतर पोरांना विचारलं. "सगळं आलं, सर." धनलक्ष्मी तेवढी पाण्याच्या टाकीकडे निघून गेली. तिचं असंच चाललंय. बारामतीचं दडपण असणार.

३ ऑक्टोबर

अख्खी नववी ब कॉपीत धरली.

मॅडमच्या खोलीत पर्यवेक्षक सुंदरम्मा मॅडम बसलेल्या. चाळीस पेपरांचा गठ्ठा समोर. त्यांचं म्हणणं, मुलं परीक्षाभर बोटांनी एकमेकांना खुणा करत होती. बोटांवर लाल शाईच्या खुणा होत्या. ओठ हलत होते. मी समजावून सांगायला लागलो की ती आमची पद्धत आहे, हात मिळवायची. त्यांनी ऐकून घेतलं आणि तीन नंबरचा प्रश्न उघडला.

"बरं, पद्धत म्हणू. मग हे बघा. या उदाहरणात चाळीसच्या चाळीस मुलांचं उत्तर चुकलंय, आणि एकसारखं चुकलंय. बरोबर उत्तर सगळ्यांचं एक येईल, मी समजू शकते. चुकायचं तर मुलं आपापली चुकतील. चाळीस जणांची एकच चूक कशी होईल, सर?"

मी उदाहरण बघितलं. (x − ३)(x − ५). मुलांनी लिहिलं होतं x² − ८x − १५. मी म्हणालो, "यात चूक काय आहे? तुमची उत्तरपत्रिकाच तपासा." महेश्वरी मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढं बोललो नाही. त्या बाहेरच्या माणसासमोर काही बोलल्या नाहीत, एवढं मात्र खरं.

मग सुंदरम्मा मॅडमनी एक पेपर वेगळा काढला. धनलक्ष्मीचा. तिनं आधी अधिक १५ लिहिलं होतं. ते आडवी रेघ मारून खोडलं होतं आणि शेजारी उणे १५. "ही मुलगी स्वतःच्या बुद्धीनं बरोबर आली होती. मग दुसऱ्यांचं बघितलं आणि खोडलं. याहून मोठा पुरावा मला नको."

सोमवारी संस्थेचे सचिव येणार. तोपर्यंत सगळ्यांना शून्य धरलंय. शून्य म्हणजे बारामती नाही.

४ ऑक्टोबर

सकाळी धनलक्ष्मीला मैदानावर गाठलं. विचारलं, का खोडलंस? ती खाली बघत राहिली. मी म्हणालो, "अगं, सोमवारी सचिवांसमोर बोलावं लागंल. तुझ्यामुळं सगळा वर्ग अडकलाय. कुणाचं बघितलंस?"

"कुनाचंच न्हाई."

"मग का खोडलंस? तोंड शिवलंय काय?"

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. म्हणाली, "सर, मी काय सांगनार न्हाई. तुमी इचारू नका." आणि निघून गेली. मी मागून ओरडलो, ती थांबली नाही. पहिल्यांदाच माझ्या हाकेला थांबली नाही.

संध्याकाळी नाक मुठीत धरून अमरेश सरांकडे गेलो. खुर्चीवर पाय ठेवून बसले होते. मी पेपरातलं उदाहरण एका कागदावर लिहून दिलं आणि म्हटलं, उत्तरपत्रिका चुकलीय, तुम्ही एकदा मॅडमना फोन करा.

ते यावेळी हसले नाहीत. म्हणाले, "x च्या जागी दहा घाला."

मी म्हणालो, कशाला?

"घाला तर. दहातून तीन गेले?"

सात.

"दहातून पाच गेले?"

पाच.

"सात पाचे?"

पस्तीस.

"आता मुलांच्या उत्तरात दहा घाला. दहाचा वर्ग शंभर. वजा ऐंशी. वजा पंधरा."

पाच उरले.

मी पुन्हा केलं. पुन्हा पाच. मग शेवटच्या पंधराचं चिन्ह अधिक केलं. शंभरातून ऐंशी गेले वीस, आणि पंधरा, पस्तीस. अमरेश सर म्हणाले, "मिळवणी वेगळी, गुणाकार वेगळा, मानसिंगराव. उणे तीन आणि उणे पाच यांची बेरीज उणे आठ. गुणाकार अधिक पंधरा." मग हळूच विचारलं, "हे त्यांना कुणी शिकवलं?"

त्यांच्या घरातून चहा आला होता. मी तो तसाच ठेवून उठलो.

रिक्षात बसल्यावर कळलं ती सकाळी माझ्याकडे तशी का बघत होती. काल त्या पेपरावर मी रेघ बघितली आणि तिच्यावर चिडलो. ती रेघ माझी होती.

५ ऑक्टोबर

रविवार. कुठं गेलो नाही. सिद्धेश्वरच्या तळ्याकडे जायचा बेत होता, उंबऱ्याबाहेर पाय निघेना.

स्वच्छ लिहितो, इथं तरी. खरं सांगितलं तर अहवाल गेला. गणित येत नसताना हो म्हणालो, चुकीचं शिकवलं, मुलीनं दोनदा सांगितलं तरी पुस्तकाला खोटं पाडलं, असं लिहिलेल्या माणसाला कोण कायम करेल? आणि मी एवढंच सांगितलं की बोटं ही आमची पद्धत आहे, तर? ते खरंच आहे. कॉपीचा डाग धुवायला कदाचित तेवढं पुरेल. चिन्हाचं कुणी विचारलं नाही तर झाकली मूठ सव्वा लाखाची. सुंदरम्मा मॅडम विचारणारच, हेही मला माहीत आहे. पण विचारतील तेव्हा बघू, असं मन म्हणतं.

मला भीती वाटते. याच्याआधी कधी एवढी वाटली नव्हती.

६ ऑक्टोबर

खोलीत चौघं. सचिव, महेश्वरी मॅडम, सुंदरम्मा मॅडम, मी. मग धनलक्ष्मीला बोलावलं. गणवेशाच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

मी बोटांची पद्धत सांगितली. मैदान, कंस, हात मिळवणं, लाल टिपके. सचिव शेतीवाडीचा माणूस, ऐकताना दोनदा मान हलवली. म्हणाले, "मग करून दाखवू दे की पोरीला." फळ्यावर त्यांनी स्वतः लिहिलं, (x − ४)(x − ६).

धनलक्ष्मीनं खडू घेतला. माझ्याकडे बघून विचारलं, "लाल पेन?" मी खिशातलं दिलं. तिनं दोन्ही हातांच्या एकेका बोटावर टिपका दिला आणि बोटं जुळवायला लागली. एक्स वर्ग, लिहिलं. उणे सहा एक्स, लिहिलं. उणे चार एक्स, लिहिलं. दोन्ही मिळून उणे दहा एक्स, खाली घेतलं. मग लाल बोट लाल बोटाला टेकवलं आणि थांबली.

खडू फळ्यावर टेकलेला. चिन्ह लिहायचं होतं. तिला बरोबर काय ते माहीत होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ती मागं वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. अधिक लिहिलं तर मास्तर खोटा पडणार, उणे लिहिलं तर ती खोटी पडणार. एवढं ओझं मी तिच्या हातात दिलं होतं, आणि मी खुर्चीवर बसलो होतो.

सुंदरम्मा मॅडम म्हणाल्या, "सरांकडे काय बघतेस? लिही."

ती लिहीना.

मी उभा राहिलो. आवाज मैदानावरचा, खोलीत जरा जास्तच मोठा आला. म्हणालो, "धनलक्ष्मी, मी शिकवलं ते चुकीचं होतं. तू सांगत होतीस ते बरोबर. अधिक लिही." मग सचिवांकडे वळून सगळं सांगितलं. पुस्तकाला छापायची चूक म्हणालो ते, कंस आले की नियम वेगळा म्हणालो ते, आणि परीक्षेत माझंच लिही म्हणून तिला दटावलं तेही. "चाळीस पोरांची एकच चूक झाली, कारण शिकवणारा एकच होता. कुणी कुणाचं बघितलं नाही."

फळ्यावर खडूचा आवाज आला. तिनं + २४ लिहिलं होतं आणि हात झटकत होती.

महेश्वरी मॅडमनी तिचा पेपर पुढं ओढून ती खोडलेली जागा बघितली. विचारलं, "हे तू आधी का सांगितलं नाहीस, बाळ?"

"सरांचं नाव कसं घेऊ, मॅडम?" ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

८ ऑक्टोबर

निकाल लागला. कॉपीचा शेरा काढला. चिन्हाचा तेवढा गुण कापला, रीतीचे दिले. नववी ब मधले फक्त तिघं नापास, आणि त्यांत अमृत नाही. माझ्या पाचही मुली पास. धनलक्ष्मी तर अ तुकडीतल्या बऱ्याच जणांच्या पुढं आहे.

सुंदरम्मा मॅडम जाताना जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "ती बोटांची पद्धत मला नीट दाखवा कधीतरी." टोमणा होता की खरंच, कळलं नाही.

मग माझी पाळी. महेश्वरी मॅडमनी मेमो हातात दिला. अहवाल सहा महिने पुढं गेलाय, तो कसा असेल ते नंतरचं नंतर. पुढचं त्या वाचून न दाखवता, माझ्याकडे बघत म्हणाल्या. "बारामतीला मुलींबरोबर दुसऱ्या शाळेतले क्रीडाशिक्षक उदयसिंह सर जातील. तुम्ही इथं थांबून नववी ब ला ऋण चिन्ह पुन्हा शिकवायचं. या वेळी आधी मला दाखवून."

मी म्हणालो, "मॅडम, सहावीपासूनचा संघ आहे माझा."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मलाही वाईट वाटतंय."

खरंच वाईट वाटत होतं त्यांना. म्हणूनच मला भांडता आलं नाही.

१३ ऑक्टोबर

पोरी गेल्या. गेटबाहेर क्रूझर उभी होती. निंगप्पा आले होते, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं असावं. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सर, तुमी येनार न्हाई म्हनल्यावर पोरगी जायाला तयार नव्हती. मीच म्हनलं, जा."

गाडी सुटताना धनलक्ष्मीनं खिडकीतून हात वर केला. मीही केला.

मग मैदानावर गेलो. दोन्ही खुंट उभे होते. उगाच एकाला हात लावून आलो.

१४ ऑक्टोबर

सकाळी उदयसिंह सरांच्या नंबरावरून फोन. धनलक्ष्मी.

"सर, अकराला सामना हाय. समोरच्या पोरी लई उंच हायत. टॉस जिंकला तर काय घेऊ?"

आक्रमण, माझ्या जिभेवर होतं. आम्ही कायम आक्रमणच घेतो. आधी पळवायचं, दमवायचं, मग बघायचं. तीन वर्षं हे मी ठरवत आलोय आणि तिनं कधी का म्हणून विचारलं नाही.

मी म्हणालो, "त्यांचा सराव बघितलास?"

"व्हय. काल सांजच्याला."

"मी बघितला नाही. तुला काय वाटतं?"

ती हळू म्हणाली, "त्या उंच हायत, पन वळताना अडकत्यात. मला वाटतंय, आदी संरक्षण घ्यावं. त्यास्नी आमच्या मागं पळू द्यावं."

"मग ते घे."

"पन सर, तुमी तर सारखं आक्रमण..."

"मी तिथं नाही, धनलक्ष्मी. तू आहेस. तुला दिसतंय ते खरं."

"बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या मते तिचं चुकलंय. एवढ्या मोठ्या सामन्यात आधी संरक्षण घेणं धोक्याचं असतं. हे मी तिला सांगितलं नाही.

तिसऱ्या तासाला नववी ब वर गेलो. पाच जागा रिकाम्या. फळ्यावर (x − २)(x − ७) लिहिलं आणि सगळ्यांना उत्तरं काढून झाल्यावर x च्या जागी दहा घालून बघायला लावलं. अमृतला माझं चिन्ह पटेना, त्यानं दोनदा करून बघितलं, मी थांबलो. घंटा झाली तेव्हा अकरा वाजून गेले होते. सामना सुरू झाला असणार.